कोडेक आहे, पण तुमच्यासाठी नाही

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होण्याआधी निरोपसमारंभात दाखवायची वीस मिनिटांची चित्रफीत जुळवण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले, आणि गेल्या चार रात्रींत संगणकाने त्या हौसेची जी माती केली आहे ती सभ्य भाषेत सांगणे मला जड जात आहे. भाच्याने नव्या फोनवर जिने, गॅलऱ्या आणि सार्वजनिक नळ यांचे सुरेख चित्रण करून दिले. व्हीएलसी या चित्रफिती दाखवणाऱ्या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये ते झकास दिसते. तीच फाईल संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडली की फक्त आवाज येतो आणि चित्राच्या जागी काळा चौकोन उभा राहतो. एकाच संगणकावर, एकाच डिस्कवरची फाईल एका खिडकीत चालावी आणि शेजारच्या खिडकीत तिला कोणी ओळखही देऊ नये, हा कुठला न्याय?

चौकशीअंती कळले ते असे. व्हीएलसी आपले कोडेक, म्हणजे दाबून साठवलेले चित्र आणि आवाज उलगडणारे घटक, पोटातच घेऊन फिरतो. एफएफएमपेग या चित्रफिती रूपांतरित करणाऱ्या मुक्त प्रोग्रॅमच्या मंडळींनी रचलेला तो साठा त्याच्या स्वतःच्या कामापुरता असतो, आणि व्हीएलसी बसवल्याने इतर प्रोग्रॅमांना त्यातला थेंबही मिळत नाही. इतर पुष्कळ प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टीमच्या, माझ्या बाबतीत विंडोजच्या, सामायिक नळावर अवलंबून असतात, आणि तो नळही एक नाही. जुने प्रोग्रॅम १९९० च्या दशकातल्या डायरेक्टशोकडे हात पसरतात, नवे मीडिया फाउंडेशनकडे. भाच्याच्या फोनचे चित्रण एचईव्हीसी या चित्र दाबून साठवण्याच्या प्रमाणात आहे. हे प्रमाण २०१३ सालचे. त्याचे पेटंट अनेकांच्या हातांत विखुरलेले असल्यामुळे त्याचा कोडेक पुष्कळदा वेगळे पैसे मोजून घ्यावा लागतो. मी मोजले. तो कोडेक जाऊन बसला मीडिया फाउंडेशनच्या दारात, आणि माझा संपादनाचा प्रोग्रॅम डायरेक्टशोच्या दारात ताटकळत उभा! पैसे गेले, काळा चौकोन जागच्या जागी राहिला.

मग संतापाच्या भरात मी एक फुकटचा कोडेक-संच बसवला, आणि ही माझी घोडचूक होती हे मी मान्य करतो. डायरेक्टशोमध्ये प्रत्येक कोडेक स्वतःच्या नावापुढे 'मेरिट' नावाचा आकडा लिहितो आणि मोठ्या आकड्याला आधी संधी मिळते. हा आकडा किती असावा हे ठरवतो कोण, तर तो कोडेक लिहिणाराच. परीक्षार्थ्यानेच स्वतःचे गुण भरावेत आणि विद्यापीठाने ते निमूट छापावेत, असा हा कारभार आहे. नव्या संचाने अर्थातच स्वतःला भरघोस गुण दिले आणि आजवर विनातक्रार चालणाऱ्या जुन्या फायलींचा ताबा घेतला. २००४ सालच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली आमच्या गणपतीची मिरवणूक आता डोके खाली, पाय वर अशी दिसू लागली. (कच्चे चित्र काही ठिकाणी तळाच्या ओळीपासून वर साठवतात, आणि दोन घटकांचे यावर एकमत झाले नाही की असे होते.) आणि ज्यासाठी हा उपद्व्याप केला ते एचईव्हीसी? ते दिसलेच नाही, कारण संच ६४ बिटांचा आणि माझा प्रोग्रॅम ३२ बिटांचा. एका जातीचा कोडेक दुसऱ्या जातीच्या प्रोग्रॅममध्ये थेट शिरूच शकत नाही. हे बसवण्यापूर्वी सांगायला कोणाची जीभ झडली होती का? संच काढून टाकला, तरी त्याच्या नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, मागे राहिल्या आणि आता नसलेल्या फायलींकडे बोट दाखवीत बसल्या आहेत.

शेवटी सगळे चित्रण एफएफएमपेगने २००३ सालच्या एच.२६४ या जुन्या प्रमाणात रूपांतरित करायला लावले आहे. फायली जवळजवळ दुप्पट फुगल्या आहेत, पंखा घरघरतो आहे आणि रात्रीचे दीड वाजले आहेत. सभागृहातल्या लॅपटॉपवर कोणते कोडेक आहेत, असे मी दुपारी डेकोरेटरला फोन करून विचारले, तर तो म्हणाला, "साहेब, तुम्ही फक्त पेनड्राइव्ह आणा, आपल्याकडे सगळं चालतं."