भावपट्टी लावावी, पण वाचता येऊ नये

नाशिकच्या गंगापूर रोडवर, इंदिरानगरात किंवा पाथर्डी फाट्याकडच्या एखाद्या नव्या इमारतीखाली गाळा घेऊन आपण सुपरमार्केट काढण्याच्या विचारात असाल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. गाळ्याची अनामत, रॅक, वातानुकूलन आणि दारावरची रोषणाई यांवर आपण सढळ हाताने खर्च केलेलाच आहे, तेव्हा फळीच्या कडेला बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांसाठी वेगळे डोके चालवण्याची गरज नाही, असे आपल्याला वाटत असेल. नेमकी इथेच नवख्या दुकानदाराची फसगत होते. ग्राहक आणि किंमत यांची गल्ल्यापूर्वी गाठ पडण्याची दुकानातली एकुलती एक जागा म्हणजे ती पट्टी होय, आणि ही गाठ पडू द्यायची नसेल तर तजवीज पहिल्या दिवसापासूनच करावी लागते.

रविवार कारंजावरच्या जुन्या किराणा दुकानात ही अडचण नव्हती. तिथे माल शेठजींच्या पाठीमागे असे, ग्राहक फळकुटापलीकडे उभा राहून यादी वाचत असे आणि ‘तूरडाळ काय लावली?’ या प्रश्नाला उत्तर देणारा एक जिवंत माणूस समोर असे. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरन्स सॉन्डर्स या गृहस्थाने १९१६ साली ‘पिगली विगली’ नावाचे दुकान उघडले आणि गिऱ्हाइकाला टोपली देऊन थेट फळ्यांमध्ये सोडले. त्यामुळे नोकरांचा पगार वाचला खरा, पण बोलणारा माणूस गेल्यामुळे बोलण्याचे काम फळीकडे आले. आपल्या फळीला लावायची पट्टी ही त्या मुक्या शेठजींची जीभ आहे. जीभ असलीच पाहिजे, लोक तशी अपेक्षा ठेवतात. मात्र ती बोबडी असावी, एवढेच माझे सांगणे आहे.

पट्टीची निवड करताना विक्रेता आपल्याला पीव्हीसीच्या ३९ मिलिमीटर उंचीच्या खाचेची पट्टी दाखवील, जिच्यात तेवढ्याच मापाची चिठ्ठी घट्ट बसते. आपण पट्टी अवश्य ती घ्यावी, पण चिठ्ठ्या मात्र दुसऱ्याच मापाच्या कापून घ्याव्यात. चिठ्ठी दोन मिलिमीटर मोठी झाली तर ती पोट पुढे काढून बसते आणि ट्यूबलाइटचा उजेड तिच्या पोटावर असा चमकतो की वाचणाऱ्याला आकड्याऐवजी प्रकाशच दिसतो. ती लहान झाली तर अधिकच सोय होते, कारण पट्टीची खाच दोन्ही टोकांना मोकळी असते आणि तिच्यातली सैल चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्याने, फडक्याने किंवा एखाद्या पोराच्या बोटाने दिवसभर प्रवास करत राहते. सकाळी टूथपेस्टखाली असलेली किंमत संध्याकाळी बुटाच्या पॉलिशखाली पोहोचते. आपण खोटे काहीच लिहिलेले नसते; चिठ्ठी खरी, माल खरा, फक्त त्या दोघांचे शेजार बदललेले असते.

या शेजाराचा मला आलेला एक अनुभव सांगतो. द्राक्षांच्या या जिल्ह्यात राहून बेदाणा कोणता आणि मनुका कोणत्या हे कळत नसेल तर लाज वाटावी, परंतु एका दुकानात काळ्या मनुकांच्या पाकिटांखाली बेदाण्यांची चिठ्ठी, बेदाण्यांखाली खजुराची आणि खजुराखाली ‘मोठी बचत’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी पाहिल्यावर मी स्वतःच्या माहितीविषयी साशंक झालो होतो. ग्राहकाला स्वतःविषयीच शंका वाटू लागणे ही या कलेतली फार वरची पायरी आहे.

आता पट्टी चिकटवण्याविषयी. पट्टीच्या पाठीवर दुहेरी टेप असते. फळीची कड ओल्या फडक्याने पुसावी, पूर्ण कोरडी होऊ द्यावी, मग पट्टी एका टोकाकडून दाबत न्यावी आणि काही वेळ तिच्यावर भार येऊ देऊ नये, असे पट्टीवाला आपल्याला सांगतो. हे त्याने सांगितले नसते तर बरे झाले असते. आपण रॅक बसवणाऱ्या मुलांना उद्घाटनाच्या आदल्या रात्री, सुतारकामाचा भुसा फळीवर असतानाच, पट्ट्या ठोकून मोकळे होण्यास सांगावे. तेलाच्या पिशव्यांच्या फळीला तर कधीच पुसू नये. तिथली पट्टी महिनाभरात एका टोकाने लोंबू लागते आणि तिच्यावरचे आकडे वाचण्यासाठी ग्राहकाला मान एका खांद्यावर टाकावी लागते. जाळीच्या टोपल्यांसाठी आणि काचेच्या फळ्यांसाठी चिमट्याचे वेगळे होल्डर मिळतात. ते घेऊच नयेत, सुतळीने काम भागते.

तळच्या फळीचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा. तिच्यासाठी वर तोंड करून तिरकी बसणारी पट्टी मिळते, जेणेकरून उभ्या माणसाला न वाकता आकडा दिसावा. ही पट्टी ज्याने काढली त्याला गुडघेदुखी असावी, दुसरे काही कारण संभवत नाही. आपण तिथे सरळ पट्टीच लावावी, दहा किलो आटा आणि पाच किलो तांदूळ हे सगळे जड जिन्नस तळाशी ठेवावेत आणि समोर ढकलगाड्या फिरू द्याव्यात, म्हणजे गाड्यांच्या धक्क्याने पट्टी स्वतःहून जमिनीकडे पाहू लागते. डोळ्यांच्या पातळीवरची फळी जास्त नफ्याच्या मालाला द्यायची हे आपणास कोणी शिकवण्याची गरज नाहीच. कॉलेज रोडवरची तरुण मंडळी खाली वाकत नाहीत आणि ज्येष्ठ नागरिक वाकले तर उठत नाहीत, तेव्हा तळच्या फळीवरची किंमत हा आपला आणि फरशीचा खाजगी व्यवहार राहतो.

चिठ्ठी छापण्यासाठी उष्णतेवर चालणारे छोटे यंत्र वापरावे. त्याच्या कागदाला शाई लागत नाही. कागदावरच्या लेपाला ऊब लागली की अक्षर उमटते. ही गोष्ट उद्योगी दुकानदाराच्या लक्षात लगेच यावी, कारण जो कागद उबेने काळा होतो तो उन्हाने पुसटही होतो. नाशिकची हवा थंड असते हे बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगण्यापुरते ठीक आहे; एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या काचेला लागून एक रॅक ठेवून पाहा. वैशाख संपण्याच्या आत तिथल्या चिठ्ठ्यांवरची एकेक किंमत वैराग्य पत्करून नाहीशी झालेली असेल आणि त्यात आपला हात कुठेच नसेल.

भाषेचा प्रश्नही नाजूक आहे. दुकानावरची पाटी मराठीत, देवनागरीत असली पाहिजे, असे राज्याचा कायदा सांगतो आणि ती आपण ठसठशीत लावलीच असेल. आतल्या चिठ्ठीवर मात्र संगणकात मालाचे जे नाव चढवले असेल तेच येऊ द्यावे: ‘टीआर डीएल पीआरएम १ के’. ही तूरडाळ आहे, उत्तम प्रतीची आहे आणि एक किलो आहे, हे ज्याला उमगेल त्याने ती खुशाल न्यावी. त्या नावाशेजारी बारकोडाला भरपूर जागा द्यावी, कारण बारकोड ग्राहकाला वाचता येत नाही. उरलेल्या कोपऱ्यात किंमत बसते. तीही दिसत असेल तर ‘ऑफर’ लिहिलेली, स्प्रिंगसारखी डोलणारी एक गोल चकती नेमकी तिच्यावर लावावी.

कायद्याविषयी आपल्या मनात भीती असेल तर थोडे स्पष्ट करतो. वैध मापनशास्त्र अधिनियम, म्हणजे वजनमापांचा कायदा, २००९ चा असून आवेष्टित, म्हणजे पाकीटबंद, वस्तूंचे नियम २०११ चे आहेत. त्यांनुसार पाकिटावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीपेक्षा एक पैसाही जास्त घेता येत नाही आणि ती किंमत खोडताही येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने तर मोठीच गंमत केली. ठरावीक मालाच्या ठरावीक वजनांचे बंधन काढून टाकले आणि त्याबदल्यात दर ग्रॅमची, किलोची किंवा लिटरची किंमत पाकिटावर छापण्याचे बंधन घातले. याचा आपल्याला झालेला फायदा पाहा. समजा, ८४० ग्रॅम तेलाची पिशवी १२८ रुपयांना आहे आणि शेजारची एक लिटरची, म्हणजे सुमारे ९१० ग्रॅमची, १३६ रुपयांना आहे. पहिलीचा भाव किलोला १५२ रुपयांच्या वर जातो, दुसरीचा दीडशेच्या आत राहतो. पण पट्टीवर १२८ आणि १३६ एवढेच मोठ्या अक्षरांत लिहिले की शहाणी माणसेही आठ रुपये वाचवून घरी जातात. दर ग्रॅमचा भाव पाकिटाच्या घडीत असतो, तिथेच त्याला सुखाने राहू द्यावे. किमतीबाबत दिशाभूल करणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे, हे खरे. परंतु लोंबणाऱ्या पट्टीने दिशाभूल केली की गोंदाने, हे ठरवण्यासाठी ग्राहकाला रजा काढावी लागेल.

एका गोष्टीपासून मात्र आपण कटाक्षाने दूर राहावे. हल्ली फळीवर लावण्याच्या इलेक्ट्रॉनिक चिठ्ठ्या निघाल्या आहेत. ई-इंकच्या त्या छोट्या पडद्यावर आकडा बदलण्यापुरतीच वीज लागते, एरवी तो विजेवाचून तसाच टिकून राहतो. इथवर ठीक होते. पण त्या गल्ल्याच्या संगणकाला जोडलेल्या असल्यामुळे बिलात येणारा आणि फळीवर दिसणारा आकडा एकच निघतो. चांगला चाललेला धंदा बुडवायचाच असेल तर गोष्ट वेगळी.

आणि नाशिककरांना आकडा नीट दाखवला तर ते तो वाचतात, हा धोका लहान समजू नये. गोदाघाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे. त्याच्यावर चिठ्ठी नाही, बारकोड नाही. पुराचे पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला लागले, एवढ्यावरून सराफ बाजार आणि भांडी बाजारातले व्यापारी माल वर चढवायचा की नाही ते ठरवतात. जागचे न हलणारे, लांबून दिसणारे आणि सर्वांना एकच उत्तर देणारे असे फलक जर दुकानात आले, तर आपली काय गत होईल याचा विचार करावा.

इतके करूनही एखादा चिकट ग्राहक गल्ल्यावर अडून बसतोच. माझ्याच बाबतीत असे झाले. पट्टीवर तूरडाळ १४८ होती आणि बिलात १६२ आली. मी तसे म्हणताच गल्ल्यावरच्या मुलीने एका पोराला पाहून यायला पिटाळले. तो पाहून आला नाही, तीन फुटी पट्टीच हातात घेऊन आला, कारण बोट लावताच ती निघाली होती. तिच्यात सहा चिठ्ठ्या होत्या आणि त्यांतली एक १४८ ची होती.

‘काका, ही पट्टी जुनी आहे. सिस्टिमला १६२ आहे,’ व्यवस्थापक म्हणाले.

‘मग ती तिथे का आहे?’

‘आता नाहीये ना तिथे,’ त्यांनी पट्टीकडे बोट दाखवून सांगितले, आणि या उत्तरापुढे मी हात टेकले. पोराने ती परत लावून पाहिली, पण ती काही टिकेना. तेव्हा मी विचारले, ‘घेऊन जाऊ का?’ ते म्हणाले, ‘न्या की, काका.’

मी १६२ रुपये भरले आणि पट्टी पिशवीत आडवी घालून घरी आणली. स्वयंपाकघरातल्या फळीची कड तेलकटपणा जाईपर्यंत पुसली, ती वाळू दिली, नवी टेप लावली आणि पट्टी अर्धा मिनिट दाबून धरली. दोन पावसाळे झाले, ती जागची हललेली नाही; आमच्याकडे तूरडाळ अजूनही १४८ रुपयेच किलो आहे.