घिरट्या म्हणजे वेळकाढूपणा नव्हे

चाकात बिघाड झाल्यावरही विमान तासन् तास हवेत का ठेवतात, यावरचा लेख वाचला. खाली एकानं 'लगेच उतरवायचं, लोकांचा जीव कशाला टांगणीला लावायचा?' असं विचारलंय. मी सांगली जिल्ह्यातल्या विट्याचा. आमच्याकडची निम्मी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यामुळं देशभर पांगलेली, त्यामुळं प्रवासातल्या माणसांच्या जिवाचा हा प्रश्न आमच्या काळजाजवळचा आहे.

११ ऑक्टोबर २०२४ ला तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या बोईंग ७३७ विमानाची हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे तेलाच्या दाबानं चाकं, ब्रेक वगैरे चालवणारी यंत्रणा बिघडली. दोन तासांहून जास्त घिरट्या घातल्या. माझा चुलतभाऊ तमिळनाडूत असतो. तो त्या विमानात नव्हता, तरी वहिनी टीव्हीपुढून हलली नाही. १४१ प्रवासी सुखरूप उतरले.

टाकी भरलेलं विमान सुखरूप उतरवायला फार जड असतं, आणि ७३७ किंवा एअरबस ए३२० ला हवेत इंधन सोडून देण्याची सोयच नसते. ते जाळूनच कमी करावं लागतं. त्या वेळात वैमानिक चेकलिस्ट बघतात, चाकं स्वतःच्या वजनानं खाली सोडून बघतात, कर्मचारी प्रवाशांना डोकं खाली घालून कसं बसायचं ते शिकवतात.

२००५ मध्ये लॉस एंजेलिसला तर एका विमानाचं पुढचं चाक ९० अंशांत आडवं वळलेलं होतं. जवळपास तीन तास इंधन जाळलं, माणसं आणि बॅगा मागं हलवल्या, नाक शक्य तितका वेळ वर धरलं. टायर जळाले, ठिणग्या उडाल्या, पण एकालाही खरचटलं नाही. मला त्या केबिनमधल्या मुलींचं फार कौतुक वाटतं. स्वतःच्या पोटात गोळा आला असेल, तरी चेहरा शांत ठेवून एकेकाचा पट्टा तपासत फिरायचं!