किन्वा राहू दे, राळे सांगा की ओ

डायबेटिसवाल्यांनी काय खावं त्यावरचा तुमचा लेख वाचला, त्यात किन्वा (परदेशी धान्य) सॅलड, ॲव्होकाडो टोस्ट, ब्रोकोली सूप. पण आमच्या बेळगावच्या बाजारात ते हुडकत फिरायचं कुणी ओ? आमच्या आईला 11 वर्षं शुगर हाय, तिला हौसेनं असल्याच रेसिपींचं एक जाडजूड पुस्तक आणून दिलं तर म्हणाली हे आजाऱ्याचं खाणं तूच खा. मग घरातलंच बदलत गेलो, राळ्याचा भात (राळे म्हणजे बारीक भरडधान्य, कन्नडमध्ये नवणे म्हणतात, रविवार पेठेत मिळतंय), त्यावर मोडाच्या मटकीची झणझणीत आमटी, अंबाडीची भाजी म्हणजे आमची पुंडीपल्ल्या, वरून शेंगाचटणी आणि कच्चं तेल, ताट चाटून पुसून खाते. भाकरी मात्र मोजून, ज्वारी चांगली म्हणून चार चार हाणल्या तर काय उपयोग, 100 ग्रॅम पिठात 70 ग्रॅमच्या आसपास कार्ब (पोटात ज्याची साखर होते ते) असतंयच. आणि रेसिपीत गूळ घालून वर 'शुगर-फ्री' लिहिणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार, गूळ पण साखरच की! कुंद्याचं (आमची बेळगावची खव्याची मिठाई) तेवढं विचारू नका, पाहुण्यांचा डबा उघडला की आई चमचाभर खाऊन सोडतेच, आणि वर म्हणते चव बघितली नुसती.