विंडोजवर तेवढं बघून घ्याल का?

आमच्या टीममध्ये सगळ्यांकडे मॅक, सर्व्हर लिनक्सचा आणि गिऱ्हाईक विंडोजवालं. म्हणून कोडमध्ये काहीही बदललं की टेस्ट, म्हणजे कोड नीट चालतोय का हे आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम, तिन्हीकडे चालवायच्या. दोन हिरव्या म्हणजे पास, तिसरी, विंडोजवरची, लाल म्हणजे नापास. ग्रुपवर लगेच मेसेज, "माझ्याकडे तर चालतंय." त्याखाली अंगठ्यांची रांग. मग मॅनेजरसाहेब विचारतात, "विंडोजवर तेवढं कुणीतरी बघून घ्याल का?" विंडोजचं मशीन माझ्या एकट्याकडे आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

बघायला बसलो. अपेक्षित मजकूर आणि मिळालेला मजकूर एकाखाली एक छापलेले. काना-मात्रेचाही फरक नाही, तरी टेस्ट म्हणते वेगळे आहेत. घोळ ओळींच्या शेवटी. लिनक्स ओळ संपवताना एक अदृश्य खूण ठेवतो, विंडोज दोन: कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. टेलिप्रिंटरवर छपाईचं डोकं डावीकडे आणणं आणि कागद वर सरकवणं ही दोन वेगळी कामं होती, त्याची ही आठवण. टेलिप्रिंटर भंगारात गेला, खुणा अजून नोकरीत आहेत.

पुढची टेस्ट स्वतःच तयार केलेली फाइल पुसायला जाते आणि "दुसरा प्रोग्राम वापरतोय" असं ऐकून परत येते. लिनक्सवर उघडी फाइल खुशाल पुसता येते. यादीतून नाव जातं, वाचणारा वाचत राहतो. विंडोजवर मात्र एसटीतल्या सीटसारखं: कुणाचा रुमाल पडलाय तोवर हात लावायचा नाही. आणि रुमाल टाकणारा बहुतेकदा अँटिव्हायरस, जो नवी फाइल दिसली की हुंगायला येतो. पुन्हा चालवली की हीच टेस्ट पास! मला सगळ्यांत राग हिचा. नापास व्हायचं तर धड नापास हो ना बाई.

मग एक फाइल, जिच्यात कुणीतरी हौसेनं 'बाळासाहेब' लिहिलं होतं. आमची प्रोग्रामिंगची भाषा पायथन. तिला एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कुठल्या आकड्यांत साठवायची ते, सांगितलं नव्हतं, म्हणून इंग्रजी सेटिंगच्या विंडोजवर तिने जुनं 1252 नंबरचं कोडपेज, म्हणजे अक्षरांचा तक्ता, धरलं. त्यात जेमतेम 256 जागा. आइसलँडची अक्षरंसुद्धा त्यात ऐसपैस बसली आहेत, आपल्या 'ळ'ला मात्र प्रवेश नाही. बाळासाहेब दारातच अडले.

कहर परवा झाला. एका नव्या मुलानं फोल्डरला 'ऑक्स' (AUX) नाव दिलं. ऑक्स, कॉन (CON), पीआरएन (PRN) ही नावं विंडोजच्या आधीच्या, 1981 च्या डॉसपासून उपकरणांसाठी राखीव आहेत. त्यामुळे विंडोजवर कोडच उतरेना. टेस्ट फेल व्हायला निदान ती मशीनपर्यंत पोचावी तरी लागते! मी त्याला कळवलं, "अरे, हे नाव चालत नाही, दुसरं काहीतरी दे."

पोरगं तत्पर. पाच मिनिटांत नाव बदलून मोकळं झालं. कॉन्फिगरेशनचं लघुरूप म्हणून 'कॉन' ठेवलंय, आणि त्याच्याकडे तर चालतंय.