‘बेडिंग करूनही चार इंच’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ, तुमचा दोन स्टारवाला रिव्ह्यू वाचला, फोटो पण मोठे करून नीट पाहिले. ज्यांनी तो वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, भाऊंची तक्रार अशी की आजोबांनी माउझर ९८ या जुन्या जर्मन रायफलच्या ॲक्शनवर (बोल्ट, म्हणजे मागची सरकती कळ, ज्यात चालते तो लोखंडी भाग) बनवून घेतलेली .३०-०६ मापाच्या काडतुसाची रायफल आमच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात बेडिंग (ॲक्शनला लाकडात पक्की बैठक देणं) आणि बॅरल फ्री फ्लोट (नळी लाकडाला न टेकता मोकळी) करायला दिली, आम्ही ती जास्त दिवस ठेवली, पैसे घेतले, आणि रेंजवर शंभर यार्डावर तीन गोळ्यांत चार इंचाचा ग्रुप आला, म्हणजे सगळ्यात दूरच्या दोन भोकांत चार इंच अंतर. वरून ट्रिगर हलका करायला सांगितला तर तो केला नाही आणि फोन केला तर दुकानदार, म्हणजे मी, गोळ्यांवर खापर फोडून राहिला.

एकेक करून सांगतो, थोडं लांबेल, पण विदर्भात अशा आजोबा-पणजोबांच्या रायफली खूप घरांत आहेत आणि सगळ्यांचे प्रश्न हेच असतात, म्हणून इथेच लिहून राहिलो.

आधी बेडिंग म्हणजे आम्ही केलं काय. तुमच्या रायफलचा स्टॉक (लाकडी दस्ता) अक्रोडाचा, जुना, आणि रिकॉइल लग (धक्का झेलणारा ॲक्शनखालचा उंचवटा) ज्या खाचेत बसतो तिथलं लाकूड एका बाजूने दबलेलं होतं. म्हणजे गोळी सुटली की ॲक्शन मागे सरकायची आणि परत बसताना दर वेळी वेगळ्या जागी बसायची, एक पाय आखूड असलेल्या टेबलासारखी, कधी या कोपऱ्यावर कधी त्या. तिथे इपॉक्सी भरून लगच्या मागे पूर्ण बैठक दिली, ॲक्शनला धरणारे दोन स्क्रू लाकडातून जिथून जातात तिथे ॲल्युमिनियमचे पिलर (नळ्या) टाकले म्हणजे स्क्रू कितीही वेळा आवळला तरी लाकूड चिरडत नाही आणि ताण तोच राहतो. बॅरलखालची नाली मोकळी केली आणि आतून सील केली. सील केलेलं वाळायला, मग परत स्टॉक लावून तपासायला वेळ लागतो, त्यात पावसाळ्याचे दिवस होते, हवेत ओल असताना लाकूड घाईत बंद केलं तर ते नंतर वाकडं होते. तेवढ्यासाठी ठेवली होती. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर आणि जुलैत भिंतींना ओल, असा फरक सोसणारं लाकूड नीट सील नसेल तर केलेलं सगळं काम वर्षभरात वाया जाते. मला ते चालत नाही.

आता ग्रुप. तुमच्या टार्गेटच्या फोटोत पहिल्या दोन गोळ्या जवळजवळ एकमेकींना लागून आहेत आणि तिसरी वर उजवीकडे गेली आहे. हे तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलं आहे की ‘तिसरीने घात केला’. भाऊ, बेडिंग खराब असते तर सहसा अशी शिस्तीत दोन आणि एक बाहेर अशी गंमत नाही होत, ती इकडेतिकडे पसरते. सहसा म्हणतो, नेहमी नाही, म्हणून रायफल परत बघायचीच आहे. पण दुसऱ्या फोटोत जे दिसते ते आधी बघा. रायफल बेंचवर ठेवलेली आहे आणि पुढची सँडबॅग स्टॉकखाली नाही, सरळ बॅरलखाली आहे. बॅरल मोकळं केलं ते यासाठी की गोळी निघताना ते दर वेळी सारखंच थरथरलं पाहिजे, त्याला कशाचा धक्का नको. त्याच बॅरलखाली बॅग दिली की बॅग त्याला वर ढकलते, आणि किती ढकलते ते दर गोळीला बदलते कारण बॅग दबत जाते. फोर-एंडचं, म्हणजे स्टॉकच्या पुढच्या भागाचं, लाकूड बॅगवर पाहिजे, बॅरल हवेत पाहिजे, आणि पट्ट्याची कडी पण बॅगला टेकायला नको.

तिसरी गोष्ट त्याच फोटोत आहे. बेंचवर रिकामी काडतुसं पडली आहेत, त्यांच्या बुडावरचे शिक्के दोन वेगळे आहेत. म्हणजे दोन कंपन्यांचा माल एकाच ग्रुपमध्ये गेला. मी फोनवर गोळ्यांबद्दल बोललो ते याचसाठी, खापर फोडायला नाही. .३०-०६ मध्ये १५० ग्रेन आणि १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी एकाच रायफलमधून सहसा एकाच जागी पडत नाही, इंच-दोन इंच वर खाली होऊ शकते आणि बाजूला पण जाऊ शकते, कारण बॅरलमधून बाहेर पडायची वेळ बदलते आणि त्या क्षणी बॅरलचं तोंड कुठे आहे ते बदलते. एकाच वजनाची असली तरी लॉट (कारखान्यात एका वेळी बनलेला माल) बदलला की पुन्हा झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी पडते का, ते तपासावं लागते. तुम्ही रिव्ह्यूत विदेशी व्हिडिओवाल्यांचा अर्धा इंच सांगितला, तर ते लोक घरी स्वतः काडतूस भरतात, बारूद थोडीथोडी कमी-जास्त करून, गोळी किती खोल बसवायची ते बदलून, त्या एका रायफलला आवडणारा लोड (बारूद आणि गोळीचा मेळ) शोधतात, आणि बॅरल पण बहुतेक जाडजूड असते. आपल्याकडे काडतूस भरायला वेगळी परवानगी लागते, साध्या लायसन्सवर ते होत नाही, म्हणून बाजारात मिळेल त्यातूनच निवडावं लागते. आपल्याकडे रायफल गोळीला जुळवावी लागते, गोळी रायफलला नाही. हा फरक मी प्रत्येक गिऱ्हाइकाला काम घ्यायच्या आधी सांगतो आणि जॉब कार्डावर लिहितो, तुमच्या कार्डावर पण लिहिला आहे. एक इंचाचं वचन त्यात नाही, मी ते कुणालाच देत नाही.

आणि तीन गोळ्यांवरून रायफलचा निकाल लावू नका, चांगला पण नको आणि वाईट पण नको. हे हिशोबाने पक्कं आहे. ज्या रायफलचा तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी एक इंच येते, तिचाच पाच गोळ्यांचा सव्वा इंचाच्या पुढे आणि दहा गोळ्यांचा दीड इंचाहून जास्त येते, रायफल तीच, गोळ्या त्याच. तीनमध्ये नशिबाला खूप जागा असते. मला माहीत आहे की काडतूस महाग आहे आणि लायसन्सवर कोटा आहे, मनसोक्त उडवता येत नाही. म्हणून एक उपाय सांगतो, एकच टार्गेट जपून ठेवा, दर वेळी रेंजवर गेले की थंड बॅरलने त्याच्यावर फक्त पहिली एक गोळी मारा, तारीख लिहा, घरी आणा. काही महिन्यांत त्या कागदावर तुमच्या रायफलचं खरं चित्र तयार होईल. शेतात तरी दुसरं काय असते, पहिली थंड गोळीच कामाची.

स्कोपच्या (नेमाच्या दुर्बिणीच्या) रिंगांबद्दल, म्हणजे ती रायफलवर धरणाऱ्या कड्यांबद्दल, सगळ्यात जास्त सांगायचं आहे. रायफल तुम्ही आमच्याकडून नेली तेव्हा जुन्या रिंगा होत्या, फोटोत नवीन चमकणाऱ्या आहेत. म्हणजे नंतर कुठेतरी बदलल्या. हरकत नाही, तुमची रायफल आहे, पण हा हिशोब बघा. दोन रिंगांमध्ये पाच इंच अंतर धरा आणि त्यातली एक रिंग कागदाच्या जाडीएवढी, ०.१ मिलिमीटर, सरकली, तर शंभर यार्डावर गोळी जवळजवळ पावणेतीन इंच बाजूला जाते. कागदाच्या जाडीएवढी! डोळ्याला दिसत पण नाही. .३०-०६ चा धक्का चांगला जोरात असतो, बेसचे (रिंगा ज्यावर बसतात त्या पट्टीचे) स्क्रू ग्रीस लागलेले असतील किंवा अंदाजाने आवळले असतील तर दोन गोळ्यांत सैल होतात आणि तिसरी निघून जाते. तुमच्या तिसऱ्या गोळीबद्दल माझा पहिला संशय यावरच आहे, दुसरा त्या बॅगवर. असे स्क्रू सोडवून, तेल पुसून, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळावे लागतात, पण तुमचे आता घरी हलवू नका, तसेच घेऊन या.

बॅरलचं तोंड आम्ही भिंगाने पाहिलं होतं, क्राउन (तोंडाची कडा) ठीक आहे. चांगली गोष्ट आहे, कारण जुन्या रायफलमध्ये वर्षानुवर्षं पुढून रॉड घालून साफ करतात आणि तोंडाची कडा एका बाजूने घासून टाकतात, मग कितीही बेडिंग करा, गोळी निघतानाच तिरकी होते. तुम्ही मागून, बोल्ट काढून साफ करत जा. आणि घरात जुनी फौजी काडतुसं असतील तर ती उडवल्यावर नुसतं तेल लावून भागत नाही, त्यांच्या कॅपमधून जे मीठ बॅरलमध्ये राहते ते तेलात विरघळत नाही, गरम पाण्याने धुवावं लागते, मग कोरडं करून तेल. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे टाळलं तर थोड्याच दिवसांत आत गंज धरते.

आता ट्रिगर. इथे मी जरा पण मागे हटणार नाही. तुमच्या रायफलला जुना दोन टप्प्यांचा (आधी हलकी ओढ, मग घट्ट) माउझर ट्रिगर आहे. तो घासून हलका करता येते, करणारे करतात पण. पण त्या भागांचा वरचा कडक थर पातळ असते, तो घासून गेला की खाली नरम लोखंड, आणि मग काही दिवसांनी बोल्ट जोरात बंद केला की घोडा आपोआप सुटते. तुम्ही स्वतः सांगितलं होतं की शेतात रात्री सोबत मजूर असतात. म्हणून नाही केलं. त्याऐवजी तयार बदली ट्रिगर बसवता येते, त्याचा खर्च मी सांगितला होता, तो तुम्हाला जास्त वाटला, ते मी समजू शकतो. तरी घासून देणार नाही, स्टार एक केला तरी नाही.

अजून एक. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे, आता ही रायफल निघते ती रानडुकरांपासून चणा-संत्रा वाचवायला आणि ती पण वनखात्याची लेखी परवानगी हातात असेल तरच. त्या कामात अंतर थोडं असते, टॉर्चचा उजेड असते, वेळ कमी असते. तिथे शंभर यार्डावर अर्धा इंच मारणारी रायफल नको, दर वेळी एकाच जागी मारणारी पाहिजे. दोन इंचात भरवशाने पडत असेल तर ती उत्तम आहे. अर्धवट लागलेलं डुक्कर तुरीत घुसलं की सकाळी निंदायला येणाऱ्या बायांना धोका असते, म्हणून मी या गोष्टीवर इतकं डोकं खपवतो.

पुढे काय करायचं ते सांगतो. रायफल घेऊन या, ओरिजिनल लायसन्स सोबत पाहिजे, झेरॉक्सवर आम्ही रायफल हातात पण घेऊ शकत नाही. रेंजवरून आल्यावर बॅरल साफ केलं नसेल तर तसंच राहू द्या. नवीन रिंगा लावलेल्या तशाच ठेवा, स्क्रू हलवू नका, किती सैल आहेत ते मला तुमच्यासमोर बघायचं आहे. दोन्ही शिक्क्यांची रिकामी काडतुसं आणा. मी तुमच्यासमोर ॲक्शन काढून लगच्या बैठकीचा इपॉक्सीत उमटलेला ठसा दाखवीन, ठसा पूर्ण नसेल तर बेडिंग पुन्हा करून देईन आणि त्याचा एक रुपया घेणार नाही. ठसा पूर्ण असेल तर रिंगा नीट बसवून देतो, मग एकाच लॉटच्या पाच गोळ्या घेऊन रेंजवर जा, प्रत्येक गोळीनंतर बॅरल हाताला थंड लागेपर्यंत थांबा, आणि जो ग्रुप येईल त्याचा फोटो इथेच टाका, कसाही आला तरी.