बंदूक जुनी करून मिळेल

फोंड्याच्या शिगम्यात यंदा आमचा चित्ररथ होता 1683 चा फोंड्याचा वेढा. मी मावळा. भाड्याने मागवलेली नव्हे, चांगली विकत घेतलेली नकली तोड्याची बंदूक खोक्यातून काढली, तर दस्ता लग्नातल्या पलंगासारखा चकचकीत आणि चापाला स्टार स्क्रू! हे स्क्रू अमेरिकेत आले 1930 च्या दशकात. आल्व्होरच्या काउंटने, म्हणजे वेढा घालणाऱ्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने, फोंड्याहून पाय काढला त्याला तोवर अडीचशे वर्षं होत आली होती.

व्हार्निश थिनरने उतरवलं, जवसाचं तेल चोळलं. नळीला मीठ आणि माडाचं व्हिनेगर. गोव्यात माझी स्कूटर, खिडकीचे गज, दाराची कडी सगळं फुकटात गंजतं. ही क्रोमची नळी मात्र ढिम्म. शेवटी गेलो एका मेस्ताकडे, म्हणजे सुताराकडे. हा नवीन कपाटं जुनी करून विकतो.

"किती जुनी करायची, पात्रांव?"

"1683."

त्याने बंदूक उलटीपालटी केली. "दीडशे वर्षांपर्यंत एक रेट. त्याच्या मागे जायचं तर जास्त पडेल. पोर्तुगीज करू की शिवकालीन?"

"फरक काय?"

"पोर्तुगीजला किडीची भोकं पाडतो. बारीक ड्रिलने. शिवकालीनला गिऱ्हाईकच नाही, त्यामुळे कधी केलं नाही."

"भोकं नकोत."

"मग दस्त्यावर क्रूस कोरू? रिसॉर्टवाले लगेच उचलतात."

"अहो, मावळ्याच्या बंदुकीवर क्रूस?"

"लुटीत मिळाली म्हणा की!"

याला उत्तर नव्हतं, आणि तेच मला अजून खुपतंय. वर्षभर इतिहास वाचायचा मी, आणि पटण्यासारखं बोलायचं याने. तसा त्याचा तरी काय दोष? फर्मागुडीला शिवस्मारकाचा नवा किल्ला आहे, लोक तिथे हौसेने फोटो काढतात. इथला जुना किल्ला मर्दनगड कुठे होता, विचारून बघा कुणाला. खुद्द फोंड्यात विचारा.

मिरवणूक निघेपर्यंत रात्र झाली. आमच्या पुढे कालियामर्दन, तोंडातून खरा धूर. आमच्यावर गुलाबी एलईडी. त्या उजेडात नळी क्रोमची काय, गंजलेली काय, आणि स्क्रू फुलीचा काय! परीक्षक तर मोबाइलमध्ये. बक्षीस अर्थातच नागाला.

मेस्ताचं बिल काल आलं. पॉलिश पेपर, मजुरी, साधे स्क्रू, आणि खाली स्वच्छ अक्षरात: 'कीड, भोकं अकरा.' दस्ता उलटा करून मोजली. अकराच आहेत.