गुलाम सुटले, आता ऊस कोण तोडणार?

मॉरिशस बेटावरच्या ऊसमळेवाल्यांनो, सर्वात आधी अभिनंदन! गुलाम सुटले आणि भरपाई तुम्हाला मिळाली. 1833 साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी बंद करायचा कायदा केला, तेव्हा मालकांमध्ये वाटायला 2 कोटी पौंड बाजूला काढले. तुमच्या मॉरिशसच्या वाट्याला त्यातले 20 लाखांच्या वर आले. ज्यांना विकलं, डागलं, राबवलं, त्यांच्या हातावर छदामही नाही. बरोबरच आहे, नुकसान तुमचं झालं होतं. त्या भरपाईपायी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटिश सरकारने 2015 साली फेडला. कर्ज काढावं तर असं, नातवाच्या नातवाने फेडावं.

पण ऊस उभा आहे. शेतातला ऊस पार्लमेंटचे कायदे वाचत नाही. तेव्हा तुम्हाला चार युक्तीच्या गोष्टी सांगतो. आम्ही ऊसवाल्या मुलखातले, आम्हाला थोडं कळतं त्यातलं.

सुटलेल्या गुलामांच्या भरवशावर राहू नका. त्यांना ‘शिकाऊ’ म्हणून आणखी काही वर्षं बांधून ठेवायची सोय कायद्यातच होती, पण 1839 साली तीही संपली आणि माणसं मळे सोडून जी निघाली ती निघालीच. त्यांना पुन्हा उसाचं तोंड बघायचं नव्हतं. शहाण्या मळेवाल्याने वरात दारात यायच्या आधीच आचारी ठरवलेला असतो. मॉरिशसात गुलामगिरी सुटायची तारीख 1 फेब्रुवारी 1835. त्याआधी तीन महिने, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, ‘ॲटलास’ नावाचं जहाज कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलंसुद्धा. याला म्हणतात नियोजन.

आता शब्दांकडे लक्ष द्या. ‘गुलाम’ म्हणायचं नाही, ‘करारबद्ध मजूर’ म्हणायचं. कागद करा, तो मॅजिस्ट्रेटसमोर वाचून दाखवा, खाली सही नाहीतर खूण घ्या. पाच वर्षं, महिना 5 रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, तेल आणि अंगावरचे कपडे. त्या 5 रुपयांतला एक रुपया दर महिन्याला कापून ठेवा, परतीच्या भाड्यासाठी. मालक इतकी काळजी घेतो म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? पुढे फिजीपर्यंत गेलेल्या मजुरांनी या ‘ॲग्रीमेंट’चं ‘गिरमिट’ केलं. आपल्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं अवजार. भाषा कधी कधी न शिकवता खरं बोलते, तिच्यावर नजर ठेवा.

भरतीला स्वतः जाऊ नका. त्यासाठी आरकाटी असतो. दुष्काळ पडलेला, सावकार दारात बसलेला, घरात भांडण झालेलं, असा माणूस बाजारात हेरायचा आणि गोड बोलायचं, हे त्याचं काम. मॉरिशस हे नाव जिभेवर बसत नाही, म्हणून ‘मिरीच देश’. तिथे दगड उलटला की खाली सोनं! त्रिनिदादचं ‘चिनीदाद’, म्हणजे साखरेचाच गाव. काम काय, तर चहात घालायची ती जरा चाळायची. समुद्र किती दिवसांचा, हे सांगायची गरज नाही, जहाज सुटल्यावर समजतंच.

फक्त कलकत्त्यावर विसंबू नका. मद्रास आहे, मुंबई आहे. मुंबई बंदरातून रत्नागिरी, सावंतवाडीकडची माणसं मिळतात. काटक, खडकात भात पिकवायची सवय झालेली. कोकणी माणूस घर सोडून जाण्यात मुरलेला, फक्त गणपतीला परत येतो म्हणून हट्ट धरतो. त्यावर उपाय सोपा. 1850 नंतर काही वर्षांतच मॉरिशसच्या करारातून परतीच्या प्रवासाची तरतूदच काढून टाकण्यात आली. (पण माणसं अशी चिवट, की त्यांनी गणपतीच तिकडे बसवला. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. एवढं मात्र तुमच्या हिशेबात नव्हतं.)

मळ्यावर देखरेखीला एक सरदार नेमा. आमच्याकडे सरदार म्हटला की घोडा, तलवार, जहागीर. तुमचा सरदार म्हणजे त्याच मजुरांतला एक, चार रुपये जास्त घेणारा आणि पहाटे कोठड्यांच्या दारावर काठी आपटणारा. शिव्या त्याने त्यांच्याच भाषेत द्याव्यात, म्हणजे तुम्हा फ्रेंच मळेवाल्यांच्या तोंडाला फ्रेंचशिवाय काही लागत नाही.

आता खरी किल्ली. तिला तिकडे ‘डबल कट’ म्हणत. मजूर एक दिवस कामावर आला नाही, की दोन दिवसांचा पगार कापायचा. ताप असो, पाय कापलेला असो. गणित करून बघा. महिन्यात दहा दिवस पडून राहिला तर वीस दिवसांचा पगार गेला. म्हणजे वीस दिवस ऊस तोडून हातात दहाच दिवसांचे पैसे. आणि 1867 च्या सुमारास बेटावर हिवतापाची अशी साथ होती की हजारो माणसं मेली. डास चावला मजुराला, फायदा झाला तुम्हाला. आमच्या बीडकडच्या ऊसतोड मजुराला हे समजावून सांगावं लागणार नाही. त्याच्याकडे या प्रकाराला ‘खाडा’ म्हणतात, आरकाट्याला ‘मुकादम’ आणि आगाऊ रकमेला ‘उचल’. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. तुमच्या काळी निदान माणशी एक नाव तरी लिहीत असत.

मध्येच ओरड झाली तर गडबडू नका. 1838 साली कलकत्त्यात झाली, लंडनमध्ये झाली. मजूर बाहेर न्यायला बंदी आली, चौकशी समिती बसली. खुद्द वसाहत खात्याचा मंत्री लॉर्ड जॉन रसेल 1840 मध्ये म्हणाला, ही गुलामगिरीचीच नवी पद्धत होईल अशी भीती वाटते. तुम्ही शांतपणे साखरेचे भाव वाचत बसा. 1842 साली मॉरिशसचा रस्ता पुन्हा मोकळा झाला, या वेळी सरकारी देखरेखीत, म्हणजे जास्तच सोयीने. आणि तुमचं नशीब बघा, 1857 चं बंड मोडल्यावर उत्तरेतली गावंच्या गावं उठली, आणि पुढची दोन वर्षं मॉरिशसला सगळ्यात जास्त माणसं उतरली. साम्राज्याचं असं आहे, एका हाताने पेटवतं, दुसऱ्या हाताने पळणाऱ्याला जहाजाचं तिकीट देतं.

करार संपलेला माणूस मात्र फार धोक्याचा. तो भाजी पिकवतो, गाय पाळतो, स्वतःच्या मर्जीने उठतो. त्याच्यासाठी 1867 चा कायदा. गळ्यात बेडी नको, खिशात पास द्या, त्यावर त्याचा फोटो. आपल्या गावात त्या काळी राजेरजवाडे सोडले तर फोटो कुणाचा निघत होता? आणि इथे साधा मजूर कॅमेऱ्यासमोर, उघड्या खांद्यावर उपरणं, डोळे ताठ. पास घरी विसरला, की तो ‘फिरस्ता’ ठरला. पोलीस उचलणार. सुटायचं असेल तर नवा करार आहेच.

एवढ्या चोख कारभारात एक माशी शिंकली. आदोल्फ द प्लेविट्झ नावाचा एक गोरा मळेवाला या लोकांचं ऐकत बसला. 1871 साली 9,401 जुन्या मजुरांचा अर्ज त्याने गव्हर्नरकडे नेला. बेटावरच्या सभ्य लोकांनी त्याला भर रस्त्यात मारलं आणि याला हाकलून द्या म्हणून उलट अर्ज केला. तरी इंग्लंडहून आयोग आला. साक्षी झाल्या, 1875 ला जाडजूड अहवाल निघाला, डबल कटवर ताशेरे ओढले. जहाजं काही थांबली नाहीत. भरती बंद व्हायला पुढचं शतक उजाडावं लागलं, तोवर त्या एका बेटावर साडेचार लाखांच्या आसपास माणसं उतरली होती. तेव्हा आयोगाला घाबरू नका, त्यांना जेवायला बोलवा.

शेवटी कचेरीतल्या कारकुनाला एक ताकीद द्या. प्रत्येकाचा नंबर लिहायचा, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरचा व्रण, जात, गाव. पण ऐकू येईल तसंच लिही म्हणावं. रत्नागिरीचं ‘रुटनागेरी’ होऊ दे, गावाच्या नावातली दोन अक्षरं गळू दे. नाहीतर पाचव्या पिढीतली एखादी बाई फोटो आणि नंबर घेऊन येईल, एसटी स्टँडवर रिक्षावाल्याला कागद दाखवेल. तो कागद उलटा-सुलटा करून बघेल आणि म्हणेल, “ताई, असं गाव नाही इकडे. बाजूच्या तालुक्यात विचारा.”